कान नसलेला माणूस

मे महिन्यात भाची आली होती आठ दिवस राहायला. परीक्षा आटपलेली, आता डोक्याला ताप नको म्हणून फोनसुद्धा लांब ठेवते म्हणाली, आणि दुपारची जेवणं झाल्यावर माझ्या कपाटासमोर उभी राहून एकेक पुस्तक अर्धं बाहेर ओढायची नि परत आत ढकलायची असं चाललं होतं तिचं. शेवटी तिने जॉर्ज मार्टिनचं ते जाडजूड 'अ गेम ऑफ थ्रोन्स' काढलं, कॉटवर पालथी पडली, पंखा पाचवर, आणि अंगठा लावून सुरुवातीची पानं एकदम फर्रकन उलटून वाचायला लागली. मी समोरच लसूण सोलत बसले होते. म्हटलं अगं, किती पुढे गेलीस, सुरुवात मागे आहे. तर मान वर न करता म्हणाली, "तो प्रोलॉग आहे गं मावशी. प्रोलॉग कोण वाचतं?"

प्रोलॉग म्हणजे पहिल्या प्रकरणाच्या आधी येणारा, गोष्टीतलाच एक तुकडा. बास, एवढंच झालं.

पण तो फर्रकन आवाज माझ्या कानात राहिला. संध्याकाळी भाजी आणायला गेले तरी डोक्यात तेच. खरं तर मला रागवायचा काही हक्क नाही, वाचणाऱ्याने कुठून सुरुवात करायची हे ठरवणारी मी कोण. आणि तिला आळशी म्हणावं तर ही मुलगी आठशे पानांची पुस्तकं तीन दिवसांत संपवते. मग मला एवढं का लागलं? रात्री गच्चीत बसलो तेव्हा मी विषय काढलाच, वाद घालायला नाही, मला खरंच तिचं म्हणणं ऐकायचं होतं. ती ट्रेकला जाते, त्यामुळे तिचे दाखले तिथले. म्हणाली, "मावशी, फँटसीत आधीच सगळं नवीन असतं. नावं नवीन, देव नवीन, शपथा नवीन, कोण कुठल्या घराण्यातला ते नवीन. मी डोकं लावून दहा पानांत ते सगळं लक्षात ठेवते, त्या माणसांत जीव गुंतवते, आणि अकराव्या पानावर ती माणसं मेलेली असतात नाहीतर हजार वर्षं उलटून गेलेली असतात. मग पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे पायथ्याच्या गावात पोचायच्या आधीच कुणीतरी एक वेगळा डोंगर चढायला लावायचा, आणि वर गेल्यावर सांगायचं की आपला गड हा नाही, तो पलीकडचा."

यावर मी काही बोलले नाही कारण तिचं खरं होतं. पुस्तकात शिरणं हे कष्टाचं काम आहे आणि प्रोलॉग ते काम दोनदा करायला लावतो.

माझ्या वाचणाऱ्या मैत्रिणींना विचारलं तर प्रत्येकीचं वेगळंच. एक म्हणाली मी अर्पणपत्रिकेपासून सगळं वाचते, किंमत आणि मुद्रक कोण तेसुद्धा, लेखकाने लिहिलंय तर काहीतरी कारण असेल. एक पुस्तक संपल्यावर मागे जाऊन प्रोलॉग वाचते, तिच्या मते तेव्हाच तो कळतो. एकीला तिरक्या टाइपात छापलेली भविष्यवाणी दिसली की ती पान उलटते, 'जेव्हा तिसरा चंद्र रक्ताचा होईल' वगैरे, म्हणते पुस्तकाशी ओळख नाही पाळख नाही आणि हे आधीच अंगात आल्यासारखं बोलतंय. आणि एकीचा राग सगळ्यात जास्त कशावर, तर शेवटाजवळचा थरार उचलून पुढे आणून लावतात आणि मग 'सहा महिने आधी' असं लिहून पहिलं प्रकरण सुरू करतात त्यावर. तिचं म्हणणं, पहिल्या प्रकरणावर तुमचाच भरवसा नाही म्हणून हा प्रोमो लावलाय. याच्याशी मी शंभर टक्के सहमत आहे. असले प्रोलॉग उलटावेतच.

एल्मोर लेनर्ड म्हणून अमेरिकन लेखक होते, गुन्हेगारी कादंबऱ्या लिहायचे, त्यांनी २००१ मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये लिहिण्याचे दहा नियम सांगितले होते. त्यातला पहिला म्हणजे हवामानाने पुस्तक सुरू करू नका आणि दुसरा म्हणजे प्रोलॉग टाळा. त्यांचं म्हणणं असं की कादंबरीतला प्रोलॉग म्हणजे पूर्वकथा, ती पुढे कुठेही घालता येते. गुन्हेगारी कादंबरीला ते लागू होत असेल. पण मार्टिनच्या त्या पुस्तकातली पहिली दहा पानं उचलून पुढे कुठे घालता येतील असं मला अजून पटलेलं नाही, आणि मला हे पटत नाही त्यामागे एक फाटकं पुस्तक आहे.

२००८ च्या आसपास मी नोकरीसाठी मुंबईत होते, आणि पगार झाला की फाउंटनच्या फुटपाथवर जुनी पुस्तकं बघायला जायचे. तिथे हे पुस्तक मला ऐंशी रुपयांत मिळालं. कव्हर सुटं झालेलं, रबरबँड लावून ठेवलेलं, आणि सुरुवातीची काही पानं गेलेली. विकणारा म्हणाला गोष्ट पूर्ण आहे, फक्त पुढची नावाबिवाची पानं गेलीत. त्याचा काही दोष नाही, त्यालाही तसंच वाटलं असणार. माझ्या प्रतीत पहिलं पान होतं ते ब्रॅनच्या प्रकरणाचं, स्वच्छ थंडगार सकाळ, उन्हाळा संपत आल्याची चाहूल लागलेली, आणि सात वर्षांचा पोरगा पहिल्यांदाच वडिलांबरोबर एका माणसाचं मुंडकं उडवताना बघायला चाललाय. मला ती सुरुवात इतकी आवडली की याच्या आधी काही असेल अशी शंकासुद्धा आली नाही. चर्चगेट ते बोरिवली उभ्याने वाचलंय मी ते, एका हाताने वरची कडी धरून, दुसऱ्या हातात ते रबरबँडवालं पुस्तक, आणि सुटलेलं कव्हर पर्समध्ये.

त्या प्रकरणात तो माणूस येतो. म्हातारा, फाटके काळे कपडे, थंडीने दोन्ही कान नि एक बोट झडून गेलेलं. राज्याच्या उत्तर टोकाला बर्फाची प्रचंड भिंत आहे, तिच्यावरच्या पहाऱ्याची शपथ मोडून पळून आलाय, आणि त्याची शिक्षा मरण. नेड स्टार्क, म्हणजे ब्रॅनचा बाप, स्वतःच्या हाताने ती शिक्षा देतो, कारण त्याच्याकडची रीतच तशी, ज्याने निकाल द्यायचा त्यानेच तलवार चालवायची, आणि त्याआधी मरणाऱ्याच्या डोळ्यांत बघायचं, त्याचे शेवटचे शब्द ऐकायचे. मला हा नेड स्टार्क इतका आवडला! किती सरळ माणूस, किती जबाबदारीने वागतो असं वाटलं. पुढे तो बायकोला सांगतो की तो बिचारा अर्धवट वेडा झाला होता, कसली तरी भीती इतकी खोल बसली होती की माझे शब्द त्याच्यापर्यंत पोचलेच नाहीत. मीही मान डोलावली. वेडा झाला असेल बिचारा. आणि पुढची आठशे पानं मी त्या माणसाला विसरून गेले.

मग २०११ मध्ये त्या पुस्तकावरची सिरियल आली. पहिल्याच भागात, नावं पडायच्या आधी, भिंतीपलीकडच्या बर्फात तिघं जण घोड्यावरून जाताना दिसतात आणि तिथे त्यांना जे भेटायचं ते भेटतं. मला वाटलं हे सिरियलवाल्यांनी आपल्या मनाने घातलंय. ऑफिसात तसं म्हणालेसुद्धा मी. तर शेजारच्या टेबलावरचा मुलगा म्हणाला, "अहो मॅडम, पुस्तकातच आहे ते, प्रोलॉग." त्या शनिवारी मी लायब्ररीत गेले, धडधाकट प्रत काढली, आणि तिथल्या बाकावर बसून ती पानं वाचली.

कसं सांगू मला काय झालं ते. गॅरेड म्हणून एक म्हातारा पहारेकरी आहे, तो सुरुवातीलाच म्हणतोय की आपण आता मागे फिरू, अंधार पडतोय. त्यांचा म्होरक्या वेमार रॉइस, अठरा वर्षांचा, घराण्याचा माज, अंगावर भारी फरचा झगा, तो याची टर उडवतो, थंडीला घाबरलास का म्हणून. तेव्हा तो म्हातारा डोक्यावरची टोपडी मागे सारतो आणि कानांच्या जागी उरलेले खुंट त्या पोराला दाखवतो. दोन कान, पायाची तीन बोटं, हाताची करंगळी, एवढं थंडीने नेलंय माझं, असा हिशोब सांगतो. त्या ओळीवर मी पुस्तक मिटलं. कान! हा तोच माणूस. मी ज्याला तीन वर्षांपूर्वी बोरिवली लोकलमध्ये वेडा ठरवून मोकळी झाले होते, ज्याचं मुंडकं उडवणाऱ्याचं मी मनातल्या मनात कौतुक केलं होतं, तो हा. (सिरियलमध्ये माणूस बदललाय, तिथे तिघांतला दुसराच पळून येतो आणि त्याचे कान शाबूत असतात, म्हणून टीव्हीवर बघूनही माझ्या लक्षात आलं नव्हतं.) तो शहाणा होता. तिघांत सगळ्यात शहाणा तोच होता. त्याला कळलं होतं ते त्या आख्ख्या राज्यात कुणालाच कळलेलं नव्हतं, आणि ते सांगायला त्याच्या तोंडून धड शब्द फुटले नाहीत.

आणि तो माजोरडा पोरगा वेमार, त्याच्याबद्दलही लिहायला हवं, कारण त्याच्यासाठी मी थांबले होते बराच वेळ. समोर बर्फातून ते काहीतरी आलेलं असताना तो पळत नाही. तलवार उचलतो, हात थरथरतायत त्याचे, वजनाने की थंडीने कुणास ठाऊक, आणि तरीही त्याला भिडतो. वर झाडावर लपलेल्या तिसऱ्या पहारेकऱ्याला, विलला, त्या क्षणी वाटतं की हा आता पोरगा राहिला नाही. विल हे सगळं बघतो आणि ओरडत नाही. भीतीने गप्प राहतो. पुढे त्याचं काय होतं ते ज्यांनी वाचलंय त्यांना माहीत आहे, पण ते झाडावरचं गप्प बसणं मला सगळ्यात भयंकर वाटलं. दहा पानांत तीन माणसं, एक माज करून शेवटी धीट निघालेला, एक गप्प राहिलेला, आणि एक आधीपासून खरं बोलणारा ज्याचं कुणी ऐकलं नाही. भाची म्हणते मेलेल्या माणसांत जीव का गुंतवायचा. मार्टिनच्या या मालिकेतल्या आतापर्यंतच्या पाचही पुस्तकांना प्रोलॉग आहे आणि दर वेळी ज्याच्या डोळ्यांनी तो आपण बघतो तो माणूस मरतोच, वाचकांना आता हे पाठ झालंय. तरी मी दर वेळी गुंतते.

मला वाटतं आपल्याकडे यात एक भाषेची अडचणही आहे. मी मराठी शाळेतली. माझ्या लेखी पुस्तकाच्या पुढे असते ती प्रस्तावना, कुणीतरी मोठ्या माणसाने लिहिलेली, 'लेखकाचा आणि माझा परिचय अमुक साली झाला' अशी, आणि ती सगळेच उलटतात. प्रोलॉग शब्द बघितला की मनात तीच प्रस्तावना येते. कॉलेजात 'व्हील ऑफ टाइम' चं पहिलं पुस्तक हातात पडलं तेव्हा मी तो उलटला नाही, पण माझी वेगळीच फजिती झाली. एक माणूस पडक्या महालातून बायकोला हाका मारत फिरतोय, इल्येना, इल्येना, पायाशी प्रेतं पडलीत ती त्याला दिसत नाहीयेत, आणि दुसरा एक जण येऊन त्याला सांगतो की एके काळी तू टॅमर्लिनची अंगठी घालायचास, सत्तेच्या नऊ काठ्या तुझ्या हुकमात होत्या. मी टॅमर्लिन शब्द नवनीतच्या डिक्शनरीत शोधला. मग कॉलेजच्या लायब्ररीतल्या मोठ्या डिक्शनरीत शोधला. मराठी माध्यमातून आलेल्या वाचकाला कुठला शब्द आपल्याला येत नाही म्हणून अडतोय आणि कुठला लेखकाने बनवलेला आहे हे कळायला मार्गच नसतो, आणि बनवलेले शब्द सगळ्यात दाटीने असतात ते प्रोलॉगमध्येच. किती जण तिथून परत गेले असतील, आपलं इंग्रजी कच्चं आहे असं समजून! मला त्यांच्याबद्दल फार वाईट वाटतं. मी टिकले कारण त्या माणसाचं वेड उतरवलं जातं, भानावर येतो, आणि मग त्याला दिसतं की इल्येना मेलीय नि मारणारा तोच आहे. तिथे कुठल्याच डिक्शनरीची गरज नव्हती.

सगळेच असे नसतात हेही खरं. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' चा प्रोलॉग म्हणजे हॉबिट लोकांची माहितीपुस्तिका आहे, पाइपमधून ओढायच्या तंबाखूवर एक वेगळा भाग आहे त्यात. मला तो आता फार आवडतो, पण आधी मी गोष्टीतच शिरले होते आणि त्या लोकांवर माया बसल्यावर मागे आले होते. नवख्या माणसाला मी तो वाच म्हणणार नाही. 'द वे ऑफ किंग्ज' ला तर आधी प्रील्यूड, हजारो वर्षांपूर्वीचा, मग प्रोलॉग, मग पहिलं प्रकरण, म्हणजे तीन सुरुवाती, आणि तिसरीला मी खरंच दमले होते. आणि उलटं बघा, हॅरी पॉटरचं पहिलं प्रकरण हा चक्क प्रोलॉग आहे, तान्ह्या पोराला मावशीच्या दारात ठेवतात आणि दुसऱ्या प्रकरणात जवळजवळ दहा वर्षं उलटलेली असतात. ते कुणीही उलटत नाही. वर 'प्रकरण एक' लिहिलंय म्हणून! भाचीला हे सांगितल्यावर ती जरा विचारात पडली, मग म्हणाली, "मग सगळ्यांनीच तसं लिहावं ना." तिचं उत्तर चोख होतं, मला आवडलं.

माझं आजोळ कुडाळकडचं. जत्रेला दशावतार असायचा, देवाची पालखी फिरून झाली की मध्यरात्रीच्या सुमाराला उभा राहायचा. आधी आडदशावतार, म्हणजे पूर्वरंग, त्यात गणपती यायचा, रिद्धी-सिद्धी, सरस्वती, ब्रह्मदेव, आणि मग तो काळ्या वेशातला संकासूर, वेद चोरणारा, मालवणीतून बोलणारा. आख्यान त्याच्यानंतर. शहाणी माणसं घरी एक झोप काढून थेट आख्यानालाच यायची, आम्हा पोरांनाही मामा म्हणायचा आता निजा, राजे आले की उठवतो. पण आजी मात्र संध्याकाळीच जाऊन पुढची जागा धरायची, मांडीखाली घडी केलेलं कांबळं, कनवटीला सुपारी. मी एकदा विचारलं आजी, तुला सगळं पाठ आहे, दर वर्षी तेच असतं, मग एवढं लवकर का. म्हणाली, "संकासूर बघल्याशिवाय दशावतार कसलो गो?" पुढच्या आख्यानाचा संकासुराशी तसा काही संबंध नसायचा. पण हार्मोनियमचे सूर, झांजेचा आवाज, पेट्रोमॅक्सभोवतीचे किडे, आणि ते काळं ध्यान नाचत गेल्यावर रंगमंच जो रिकामा राहायचा, त्या रिकाम्या जागेत राजा यायचा. झोपेतून उठून थेट राजा बघणाऱ्याला ती जागा रिकामी झालेली दिसतच नाही. मी दोन्ही केलंय, झोपलेय आणि जागलेयही, आणि मला आठवतात ती जागलेली वर्षं.

'शाकुंतल' शिकवताना आमच्या संस्कृतच्या बाईंनी एक गोष्ट सांगितली होती ती इथे आठवते. नाटक सुरू होताना सूत्रधार नटीला गायला सांगतो, ती ग्रीष्माचं गाणं गाते, आणि ते इतकं सुंदर असतं की सूत्रधार विसरूनच जातो आज कुठलं नाटक करायचंय. ती आठवण करून देते. तो म्हणतो खरंच की, तुझ्या गाण्याने मला ओढून नेलं, हा दुष्यंत राजा हरणामागे ओढला गेलाय तसा. आणि हरणामागे राजा आत येतो. बाई म्हणाल्या होत्या, विसरणं इथे पेरलंय बघा, पुढे राजा काय विसरणार आहे. कालिदासाने ते पेरलं आणि त्यावर बोटसुद्धा ठेवलं नाही. प्रोलॉग लिहावा तर असा, असं मला आजही वाटतं.

तर भाची. आठ दिवसांत तिने पुस्तक संपवलं, जाताना माझ्या हातात दिलं. मी पुढची पानं बघितली, ती कोरी करकरीत होती, बाकी पुस्तकाला आंब्याचे डाग, कोपरे दुमडलेले, आणि ती दहा पानं जशीच्या तशी. माझ्या जिभेवर आलं होतं. आता वाच ना ते, पाच मिनिटं लागतील. त्याऐवजी मी विचारलं, तो सुरुवातीला मुंडकं उडवतात तो माणूस आठवतो का गं तुला?

"कान नसलेला ना?" ती चप्पल घालता घालता म्हणाली. "हो. वेडा झाला होता बिचारा. पण नेड स्टार्क काय माणूस आहे मावशी!"

मी काही बोलले नाही. हे शब्द माझे होते, बोरिवली लोकलमधले. मग मला कळलं की दुपारी लसूण सोलताना मला जे टोचलं ते तिने काहीतरी गमावलं म्हणून नव्हतं. ज्याने प्रोलॉग आधी वाचला तो पहिल्या प्रकरणात नेडच्या बाजूने उभा राहूच शकत नाही, त्याला सगळं माहीत असतं, तो फक्त तडफडत बघत राहतो की अरे नको मारू, विचार त्याला नीट. आणि ज्याने नाही वाचला तो नेडबरोबर न्याय करून मोकळा होतो, चुकीचा न्याय, पण मनापासून. आधी न वाचता मग वाचता येतं. आधी वाचून मग न वाचलेलं होता येत नाही. माझ्या हातात ते फाटकं पुस्तक पडलं नसतं तर हे मला कधीच कळलं नसतं, आणि मी तिला आत्ता वाच म्हटलं असतं तर तिची ती आठ दिवसांची समजूत मी दारातच मोडली असती, रिक्षा खाली उभी असताना.

रिक्षात बॅग ठेवली तिची. दिवाळीला येते म्हणाली, तोपर्यंत दुसरा भाग वाचून होईल. पुस्तक मी कपाटात नाही ठेवलं, बैठकीच्या टेबलावर आहे. रोज सकाळी पेपर त्याच्यावर ठेवला जातो आणि मी तो उचलून बाजूला ठेवते.